रय्याची डागणी

नभानला दुखतं हे त्याच्या घरच्यांना खरं वाटावं, एवढ्यासाठी आम्ही त्या दिवशी निझव्याच्या इस्पितळात गेलो. बरं होण्याची आशा त्याने केव्हाच सोडली होती. हा माणूस खोटं बोलत नाही, एवढंच कुणीतरी जाणत्या माणसाने सांगायला हवं होतं.

नभान माझा मेहुणा. आमच्या गावात हलव्याची भट्टी त्याची. तांब्याच्या मोठ्या कढईत साखर, गव्हाचा चीक, तूप, केशर, खाली बाभळीचं जळण, आणि वल्ह्याएवढ्या लांब दांड्याने ते सगळं ढवळत राहायचं. हात थांबला की हलवा तळाला लागतो. हे काम तो मिसरूड फुटायच्या आधीपासून करत आलेला. त्याच्या उजव्या हाताचं मनगट डाव्यापेक्षा जाड होतं आणि तरुणपणी तो ते कौतुकाने दाखवायचा.

माझी बायको रय्या ही त्याची थोरली बहीण. त्यांची आई गेली तेव्हा नभान रांगत होता. त्याला रय्यानेच वाढवलं. ती त्याला अजून ‘पोरा’ म्हणते, आणि नातवंडं असलेला नभान त्या हाकेला ओ देतो.

रय्या डागायची. तिच्या आजीकडून आलेली ही विद्या. रडून निळं पडणारं मूल, कावीळ, कंबर धरलेला म्हातारा, कुणाचंही काही असो, औषधाने उतार पडला नाही की लोक आमच्या अंगणात येत. मुठीला चिंधी गुंडाळलेली बारीक लोखंडी सळई होती तिच्याकडे. ती निखाऱ्यात धरायची, अंगठ्याने दाबून दाबून जागा शोधायची आणि सळई टेकवून लगेच उचलायची. त्याबद्दल तिने कधी कुणाकडून काही घेतलं नाही. मी शाळामास्तर, गावाचा उस्ताद, चार पुस्तकं वाचलेला. मला ते बघवत नसे. पण लोक बरे होऊन परत येत, मुलांना तिच्या पायांवर घालत, तेव्हा मी काय बोलणार? आमच्या मुलाच्या, तलालच्या पोटावरही तिचा एक डाग आहे.

नभानच्या अंगठ्याच्या मुळाशी पहिल्यांदा दुखू लागलं तेव्हा तो अर्थातच तिच्याकडे आला. तिने मनगटाच्या कडेला डागलं. डागल्यावर पथ्य असतं. मासे नाहीत, अत्तर नाही, आणि जखम पूर्ण भरेपर्यंत त्या हाताने काम नाही. तेवढे दिवस भट्टीवर दुसऱ्यांनी ढवळलं. जखम भरली आणि दुखणंही गेलं. नभान गावभर हात फिरवून दाखवत हिंडला.

काही महिन्यांनी पुन्हा दुखलं, पुन्हा डागलं, पुन्हा पथ्य. या वेळी उतार थोडा कमी. मग आणखी एकदा. आणि त्यानंतर जे सुरू झालं ते निराळंच होतं. आता ढवळताना दुखत नसे, शिवलं की दुखे. बाहीचं कापड मनगटाला लागलं तरी तो निखारा पडल्यासारखा हात झटकायचा. वाऱ्याची झुळूक, कढईची वाफही त्याला नको व्हायची. थंडीतही त्याची उजवी बाही कोपरापर्यंत दुमडलेली असायची. मशिदीत कुणी हात मिळवायला आलं की तो हात पुढे करायचा आणि अर्ध्यावरून मागे घ्यायचा. काही लोकांना त्याचा रागही आला.

आणि हाताला तर काही झालेलं दिसत नव्हतं. ताकद होती. साखरेचं पोतं तो अजून उचलू शकत होता. घरात हळूहळू कुजबुज सुरू झाली. त्याची बायको म्हणायची, वय झालं की माणसाला आराम गोड लागतो. मुलगा हिलाल आता एकटाच भट्टी सांभाळत होता. वाईट नव्हता तो, थकलेला असायचा. एकदा सगळे जेवायला बसलेले असताना तो म्हणाला, “जेवताना बरा चालतो बाबांचा हात.”

सगळे हसले. नभानही हसला. मी बघत होतो, तो मनगट उचलून धरून फक्त बोटांच्या टोकांनी भात घेत होता.

निझव्याच्या इस्पितळात नसा आणि स्नायू तपासायचं यंत्र आहे, असं गावच्या दवाखान्यात कुणीतरी सांगितलं तेव्हा नभान तडक माझ्याकडे आला. पुस्तकं वाचणारा मीच, म्हणून अशा गोष्टी मला विचारायच्या असा त्याचा नेम. मला त्यातलं फारसं काही ठाऊक नव्हतं, तसं मी सांगितलंही.

“पण यंत्र खोटं तर नाही ना बोलत, उस्ताद?” त्याने विचारलं, आणि स्वतःच उत्तर दिलं. “ते कशाला बोलेल म्हणा. त्याला कुठे हलवा ढवळायचाय.”

रय्या बरोबर यायला निघालीच. मागच्या सीटवर कॉफीचा थर्मास आणि खजुराचा डबा मांडीवर घेऊन बसली. इस्पितळात ती बायकांच्या बाजूला थांबली आणि नभानने मला आत ओढलं, कारण सुई टोचणार असं त्याने ऐकलं होतं. तीनदा डागून घेताना ज्याने ब्र काढला नव्हता, तो सुईला भीत होता.

डॉक्टर मुअतसिम सुदानी. उंच, हळू बोलणारे. त्यांनी नभानला खाटेवर झोपवलं, हातावरचं तूप कापसाने पुसून काढलं आणि म्हणाले, काका, केशराचा वास येतोय, तपासू की खाऊ? मग त्यांनी सांगितलं की नसेला बारीक झटके देणार, घाबरायचं नाही, विजेचं बिल सरकार भरतं.

आधी डावा हात घेतला. अंगठ्याजवळ दोन पट्ट्या चिकटवल्या, मनगटाच्या वर यंत्राचा चिमटा टेकवला. टक् आवाज झाला, नभानचा हात किंचित उडाला, आणि पडद्यावर वाळूच्या टेकडीसारखा एक उंचवटा उभा राहिला. डॉक्टरांनी ती टेकडी दोनतीनदा उठवून बघितली. मग त्याच पट्ट्या उजव्या हाताला लावल्या.

टक् झालं. पडद्यावर रेघ सरळ राहिली.

त्यांनी पट्ट्या बदलल्या. तारा हलवून बघितल्या. झटका वाढवला. नभान म्हणाला, वर लागतोय, अंगठ्यापर्यंत पोचत नाही. रेघ सरळच. तळहाताकडच्या दुसऱ्या नसा तपासल्या, तिथे टेकड्या नीट उठल्या. मग सुई आली. अंगठ्याच्या स्नायूत ती घातली तेव्हा नभानने माझी बाही पकडली. हात सैल सोडायला सांगितलं तर यंत्र शांत, मूठ आवळायला सांगितली तर तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चरचराट. स्नायू ठणठणीत आहे, डॉक्टर म्हणाले. शेवटी त्यांनी मनगटाच्या कडेच्या त्या चकचकीत डागांवर बोटाने अगदी हलकंसं टिचकारलं. नभानने ओठ इतके घट्ट चावले की ते पांढरे पडले.

“म्हणजे खरंच दुखतं?” जरा वेळाने त्याने विचारलं. जणू हात दुसऱ्या कुणाचा होता.

“दुखतं की नाही ते तुम्हीच सांगायचं, काका,” डॉक्टर म्हणाले. “का दुखतं, तेवढं यंत्र सांगतं.”

नभान उठून बसला. त्याने पडदा आपल्याकडे वळवून घेतला आणि त्या सरळ रेघेकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी जाणत्याने त्याची बाजू घेतली होती. त्याचा चेहरा असा उजळलेला मी त्याच्या लग्नानंतर बघितला नव्हता. हे हिलालला दाखवता येईल का, असं त्याने विचारलं.

दाखवता येईल, डॉक्टर म्हणाले, आणि मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. मनगटाच्या त्या कडेला कातडीच्या लगेच खाली दोऱ्याएवढी एक नस जाते. ती ताकद देत नाही, फक्त स्पर्श कळवते. ती भाजून तुटली आहे. तिचं टोक डागाच्या आत गाठीसारखं गुंतून बसलंय, म्हणून शिवलं की आग होते. पहिलं दुखणं निराळं होतं, ढवळून ढवळून अंगठ्याची शीर सुजलेली असणार. ती विश्रांतीनेच बरी झाली असती.

“झालीच होती,” डॉक्टर म्हणाले. “डागल्यावर हाताला विश्रांती मिळाली म्हणून. यश मात्र लोखंडाला गेलं.”

त्यांनी आपल्या कानशिलावरचे केस बाजूला करून एक जुना वण दाखवला. लहानपणी डोळे बिघडले होते तेव्हा आजीने दिलेला, म्हणाले. तिचा त्यांच्यावर फार जीव होता. मग त्यांनी सहज विचारलं की काकांना कुणी डागलं.

नभानचा चेहरा उतरताना मला दिसला. जे आत्ता आत्ता त्याला मिळालं होतं ते काय आहे, हे त्याला त्या क्षणी कळलं.

“होती एक म्हातारी,” तो म्हणाला. “पलीकडच्या गावातली. अल्ला तिला शांती देवो, गेली ती.”

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. आग कमी करायच्या गोळ्या देतो, म्हणाले. मस्कतला शस्त्रक्रिया करता येते, पण खात्री कुणी देणार नाही. आणि या हाताला पुन्हा लोखंड लागता कामा नये. आजूबाजूच्या नसा शाबूत आहेत, त्या गेल्या तर बोटंही कामातून जातील.

बाहेर बोळात थंड पाण्याच्या टाकीपाशी नभान थांबला. पाणी प्यायला नाही.

“काही निघालं नाही, असं सांगायचं,” तो म्हणाला.

मी विचारलं, मग हिलालचं काय? बायकोचं काय? एवढ्याचसाठी तर आपण आलो होतो.

“ते म्हणतील ते म्हणतील. त्याची सवय आहे मला. पण तिने मला पाठीला बांधून पाणी वाहिलंय, उस्ताद. स्वतःच्या तोंडातला खजूर काढून मला दिलाय. तिला हे कळलं तर ती त्या हाताने पुन्हा भाकरी तरी खाईल का?”

मी मान हलवली. मी बहुतेक वेळा मानच हलवतो.

रय्या आम्हाला बघून उठली. काय म्हणाला सुदानी, असं तिने विचारलं. नभान हसला आणि म्हणाला, “म्हणाला, म्हातारा झालास. दुसरं काही नाही.”

गाडीत तिने कॉफी ओतली. मग म्हणाली, एवढं मोठं यंत्र आणि त्याला माझ्या पोराचं दुखणं दिसू नये. तिचा नभानवर विश्वास होता. साऱ्या घरात एकट्या तिचाच होता.

गावात बातमी लगेच पसरली. ईद जवळ आली होती. भट्टीवर मागण्यांचा ढीग पडला होता. हिलाल काही कडू बोलला नाही, उलट मायेनेच बोलला. “चला बाबा, डॉक्टरनेही सांगितलं, आता मनातून काढून टाका,” म्हणाला, आणि त्याने ढवळायचा दांडा बापाच्या हातात दिला. नभान ढवळायला उभा राहिला. कढईची वाफ सरळ मनगटावर येत होती. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कुणी विचारलं की तो धुराला शिव्या देत होता. त्याच्या बायकोने शेजारणीला सांगितलं, बघा, जमतं की नाही.

रय्या हलवा आणायला म्हणून गेली आणि तशीच रिकाम्या हाताने परत आली. घरात येऊन तिने कपाटावरून सळई काढली आणि राखेने घासायला घेतली.

मी विचारलं, कुणासाठी?

“त्याच्यासाठी. यंत्राला कळत नाही तर नाही. मला कळतं.”

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर नभान आला. मला वाटलं होतं, काहीतरी निमित्त काढून टाळेल. पण तो चटईवर बसला, बाही तशी दुमडलेलीच होती, आणि हात गुडघ्यावर ठेवून निखाऱ्यांकडे बघत राहिला. मी ओट्यावर पुस्तक उघडून बसलो होतो. त्याने एकदाच माझ्याकडे बघितलं. ती ताकीद होती.

रय्या शेगडी फुंकत बोलत होती. चूक तिचीच झाली, म्हणाली. मागच्या वेळी तिचा हात कचरला. आपलं माणूस म्हणून दया आली, सळई टेकवली न टेकवली तोच उचलली. म्हणून मुळापर्यंत गेलं नाही. आता जरा आतल्या बाजूला घेऊ, आणि जरा जास्त वेळ धरू. “सोसशील ना, पोरा?”

“तू धर गं,” नभान म्हणाला. “तुझा हात लागला की मला बरंच वाटतं.”

सळईचं टोक लाल झालं होतं. मी पुस्तक मिटलं ते मला आठवत नाही. मी म्हणालो, “रय्या, ठेव ते खाली.”

चारचौघांत मी तिला तलालची आई म्हणतो. नाव ऐकून ती दचकली. आणि मग मी सांगितलं. फार वाईट सांगितलं. मास्तरासारखी सुरुवात केली, कातडीखाली नसा कशा असतात इथून, मग टेकडी, मग सरळ रेघ. मध्येच नभान ओरडला, उस्ताद, गप्प बसा. मग तिला म्हणाला, पुस्तकातलं काहीतरी सांगतायत ते, तुला माहिती आहे ना त्यांचं. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. विश्रांतीने बरं झालं होतं, हे सांगितलं. लोखंडाने नस तुटली, हेही सांगितलं.

रय्याने माझ्याकडे बघितलंच नाही. ती त्याच्याकडे बघत होती.

“खरं?”

नभानने नजर निखाऱ्यांकडे वळवली.

तिने सळई निखाऱ्यातून काढली आणि जमिनीवर ठेवली. मग त्याचा हात हातात न घेता, खाली वाकून, डोळे बारीक करून ती ते डाग बघू लागली. तीन होते, एकमेकांना लागून.

“यातला कुठला?” तिने विचारलं. “पहिला, की नंतरचे?”

हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. यंत्रालाही ते सांगता आलं नसतं. मी तोंड उघडणार होतो, पण नभानने मला बोलू दिलं नाही.

“नंतरचा,” तो म्हणाला. “शेवटचा. पहिल्याने तर मला आराम पडला होता. सगळ्या गावाला माहिती आहे.”

तिने मान हलवली. तिला ते पटलं की तिने ते त्याच्यासाठी मानून घेतलं, मला सांगता येणार नाही. इतकी वर्षं तिच्याबरोबर राहूनही नाही. ती आत गेली. सळई अंगणातच पडून राहिली. नभान उठला, पायात चपला घातल्या आणि फाटकापाशी जाऊन वळला.

“तुम्हाला काय गरज होती?” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. “हात माझा होता.”

त्यानंतर मी भट्टीवर जाऊन हिलाललाही सांगितलं, कारण आता लपवण्यात काही उरलं नव्हतं. तो बराच वेळ नुसता ढवळत राहिला. संध्याकाळी त्याने बापाच्या कपाळाचं चुंबन घेतलं. त्या दिवसापासून नभानने दांड्याला हात लावलेला नाही. बायको त्याची बाही स्वतः दुमडून देते. जे मिळवायला आम्ही निझव्याला गेलो होतो ते त्याला मिळालं, आणि त्याने ते ज्या चेहऱ्याने घेतलं तो चेहरा मी विसरू शकत नाही.

रय्याकडे बायका अजून येतात. ती त्यांना फाटकातूनच परत पाठवते. कारण सांगत नाही. मास्तरणीला आता गर्व झालाय, असं लोक बोलू लागले. मी तिला म्हणालो, का ते सांगून टाक, त्यांनाही कळू दे. ती म्हणाली, “काय सांगू? की माझ्या पोराचा हात मी घालवला? सांगेन. थोडा दम धरा, तलालचे बाबा.” मागच्या आठवड्यात शेजारची सून रडतं मूल घेऊन आली होती. रय्याने नाही म्हटल्यावर तिने ते दुसऱ्या गावातल्या डागणारीकडे नेलं. परत आली तेव्हा मुलाच्या पोटावर दोन डाग होते. रय्याने मूल कडेवर घेतलं, त्या पोटावर हात ठेवून ते किती तापलंय ते बघितलं, आणि मूल आईकडे परत दिलं. रात्री जेवली नाही.

मी बोललो नसतो तर त्या दिवशी त्याची बोटंही गेली असती. हे मी स्वतःला सांगतो, आणि ते खरंही आहे. तरी दर शुक्रवारी ते पुन्हा तपासून बघावं लागतं.

शुक्रवारी नभान येतो. हिलालने केलेला ताजा हलवा घेऊन येतो, माझ्याशीही बोलतो. पूर्वी त्याने डबा उघडला की पहिला घास रय्या तोडायची आणि त्याच्या तोंडात घालायची, मग आम्ही बाकीचे. आता ती डबा त्याच्यापुढे सरकवते आणि हात ओढणीखाली घेते. नभान जरासा थांबतो. कधी कधी मानही थोडी पुढे करतो. मग बोटांच्या टोकांनी स्वतःच एक तुकडा उचलतो, आणि गोड कमी पडलंय, असं काहीतरी म्हणतो.